उपवास, उपासमार आणि उपोसथ

(आषाढी पौर्णिमेस नवदीक्षित कुटुंबांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी मी धम्मचक्रप्रवर्तनावर बोलावे अशी संयोजकांची इच्छा होती आणि तयारीही मी त्याच विषयाची केली होती. परंतु परवा सायंकाळी एक भगिनी मजकडे आल्या. त्यांच्या कुटुंबाने गेल्या अशोक विजयादशमीस दीक्षा घेतलेली आहे. घरातला देव्हारा त्यांनी स्वतःच्या हाताने हलविला, तसबिरी उतरविल्या, घट बसविणे बंद केले. एवढे सांगून झाल्यावर त्या थांबल्या आणि खाली पाहत म्हणाल्या, "गुरुजी, समदं सोडलं, पण सोमवार सुटत नाही. पोरगा ट्रकवर असतो. सोमवारी घास तोंडाशी नेला का हात थरथरतो. त्याला काही झालं तर?"

हसू नका, बंधूंनो. आपणांपैकी जे हसले त्यांच्या घरातही एखादा गुरुवार किंवा एखादी चतुर्थी कणगीमागे दडून बसलेली असण्याचा संभव आहे. देव घरातून काढणे त्या मानाने सोपे असते, कारण तो भिंतीवर असतो. उपवास पोटात असतो, तो सहजी निघत नाही. म्हणून आज मी माझा विषय बदलला आहे. तथापि आजच्या दिवसाशी त्याचा किती निकटचा संबंध आहे, हे पुढे आपल्या ध्यानी येईलच.

प्रथम दीक्षेसंबंधीचा सरळ प्रश्न निकालात काढू. दिनांक १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूर येथे ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत 'मी उपवास करणार नाही' अशा शब्दांची प्रतिज्ञा नाही. एवढ्या आधारावर काही मंडळी म्हणतात की, मग उपवास करण्यास हरकत कोणती? हरकत अशी की, उपवास कधी एकटा येत नाही. सोमवार शंकराचा, चतुर्थी गणपतीची, एकादशी विष्णूची, शनिवार मारुतीचा अथवा शनीचा, नवरात्र देवीचे. ब्रह्मा, विष्णू, महेश ह्यांना देव मानणार नाही, गौरी-गणपतीस मानणार नाही, असे ज्याने हात उंचावून सांगितले, तो त्यांच्यासाठी उपाशी कसा राहणार? ज्या धन्याची चाकरी सोडली त्याच्या दारात पहारा देत बसण्यासारखेच ते आहे. प्रतिज्ञेपुरते हे उत्तर पुरेसे आहे. परंतु त्या भगिनीचा हात प्रतिज्ञेच्या अज्ञानामुळे थरथरत नाही. तिला प्रतिज्ञा पाठ आहेत. म्हणून थोडे खोलात जाणे भाग आहे.

हिंदू घरातील वर्षाचा हिशेब पाहा. महिन्याला दोन प्रमाणे चोवीस एकादश्या, आणि अधिक मास आला की सव्वीस. प्रत्येक महिन्याची संकष्टी निराळी. श्रावणातले सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, वटपौर्णिमा, हरितालिका, महाशिवरात्र, रामनवमी, गोकुळाष्टमी, नवरात्राचे नऊ दिवस. शिवाय आठवड्याचा एक वार घराण्याचा म्हणून, एक वार नवसाचा म्हणून. आपण आषाढी पौर्णिमेनंतर वर्षावास पाळतो. त्यांचा चातुर्मास चार दिवस आधी, आषाढी एकादशीस सुरू होतो. यादवांच्या दरबारी असलेल्या हेमाद्री पंडिताने तेराव्या शतकात 'चतुर्वर्गचिंतामणि' हा ग्रंथ रचिला. त्यातील व्रतखंड उघडून पाहावा म्हणजे समजेल की, व्रताविना राहील अशी तिथीच ह्या मंडळींनी शिल्लक ठेवलेली नाही. आणि जवळजवळ प्रत्येक व्रताच्या शेवटी उद्यापन आहे, उद्यापनात ब्राह्मणभोजन आहे व भोजनाअंती दक्षिणा आहे. उपाशी कोण राहिले आणि जेवले कोण, हा प्रश्न मी आपल्यावरच सोपवितो.

आता उपवासाचे मूळ पाहू. 'उप' म्हणजे जवळ आणि 'वास' म्हणजे राहणे. ह्या शब्दात भूक कोठेच नाही. शतपथ ब्राह्मणाच्या अगदी प्रारंभी ह्याचा विचार आलेला आहे. यजमानाने उद्याच्या यागासाठी आज व्रत घेतले की देव त्याच्या घरी वस्तीस येतात, पाहुणे जेवले नसताना घरधन्याने जेवणे शोभत नाही, असा तो विचार. आषाढ सावयस नावाचा आचार्य म्हणतो, मुळीच खाऊ नये. याज्ञवल्क्याला ते मान्य नाही. तो वाट काढतो की, जे खाल्ले असता न खाल्ल्यासारखेच धरले जाईल असे काही खावे. म्हणजे रानात उगवलेले, झाडाचे फळ वगैरे. बंधुभगिनींनो, फराळाचा जन्म येथे आहे. खाऊनही न खाल्ल्यासारखे! हजारो वर्षांपूर्वी निघालेली ही पळवाट पुढे इतकी रुंद झाली की तिच्यातून साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचे काप आणि वरईचा भात अशी सगळी वरात निघून गेली. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण बौद्धांनी तयार केलेली नाही. ती त्यांच्याच घरातली आहे.

ह्या वरातीतले पाहुणे कोण आहेत हेही जरा तपासू. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कसावा, ही सर्व पिके मूळची अमेरिका खंडातील. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचला, त्यानंतर पोर्तुगीज आदी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ही पिके आपल्याकडे आली. आज आपल्या बाजारात येणारा साबुदाणा मुख्यत्वे तमिळनाडूतील सेलम भागातील कारखान्यांत तयार होतो. म्हणजे ज्या अन्नाचे नाव कोणत्याही वेदास, स्मृतीस अथवा प्राचीन पुराणास ठाऊक असणे शक्य नव्हते, ते उपवासाला 'चालते'; आणि ह्या मातीत आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षे पिकविलेली ज्वारी, बाजरी, तूर मात्र 'चालत नाही'. कारण काय, तर एकादशीस पाप धान्यात वस्तीला येते म्हणे! एका घरी कोथिंबीर चालते, शेजारच्या घरी चालत नाही. एकीकडे जिरे पवित्र, दुसरीकडे ते बाटलेले. ज्या शास्त्राचा निकाल भिंतीगणिक बदलतो त्याला शास्त्र म्हणावे काय?

वारांचे तर ह्याहून नवल. सोमवार, मंगळवार ही आठवड्याची गणना ग्रहज्योतिषाबरोबर बाहेरून आपल्या देशात आली. वाराचा उल्लेख असलेला सर्वांत जुना दिनांकित लेख म्हणून जो ओळखला जातो तो मध्यप्रदेशातील एरण येथे असून गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळचा, इसवी सन ४८४ चा आहे. वेदांना सोमवार ठाऊक नव्हता. शंकराला सोमवार आवडतो ही बातमी नंतर केव्हातरी कोणीतरी आणली. आणि अशा बातम्या अगदी आपल्या डोळ्यांदेखत आलेल्या आहेत. सन १९७५ मध्ये 'जय संतोषी माँ' नावाचा एक हिंदी बोलपट आला. तोपर्यंत ज्या घरांत ह्या देवीचे नावही कोणी ऐकले नव्हते, त्या घरांत सोळा शुक्रवार सुरू झाले, आंबट खाणे बंद झाले, आणि चुकून चिंच लागली म्हणून बायका रडताना मी स्वतः पाहिल्या आहेत. बोलपटातून निघालेली भीती खऱ्या डोळ्यांतून पाणी काढते. भीती जुनी असावी लागत नाही. ती कालची असली तरी पुरते.

आता भगिनींकडे वळतो, कारण उपवासाचे ओझे मुख्यत्वे त्यांच्या माथी आहे. ज्या मनुस्मृतीचे दहन बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे झाले, तिच्या पाचव्या अध्यायात असे सांगितले आहे की, स्त्रीला स्वतंत्र यज्ञ नाही, व्रत नाही, उपवासही नाही. पतीची सेवा हाच तिचा स्वर्गाचा मार्ग. विष्णुस्मृतीत तर नवरा जिवंत असता जी स्त्री उपवासाचे व्रत करते ती त्याचे आयुष्य हरण करते, असे म्हटले आहे. ध्यानात घ्या: उपवास केला तर नवऱ्याचे आयुष्य घटते, असे एके काळचे शास्त्र. पुढे पुराणांनी स्त्रीशूद्रांसाठी व्रतांचे दार उघडले, आणि मग त्याच स्त्रीला सांगण्यात आले की, हरितालिकेस पाण्याचा थेंबही घेऊ नकोस, वडाला सूत गुंडाळ, म्हणजे नवऱ्याचे आयुष्य वाढेल. दोन्ही वेळी नवऱ्याच्या मृत्यूचा धाक तिच्याच गळ्यात. पत्नीच्या आयुष्यासाठी नवऱ्याने उपाशी राहण्याचे व्रत कोणाच्या घरी चालत असल्यास मला अवश्य कळवावे. मी त्या घरास भेट देईन.

ह्या देशातील स्त्री आधीच अशक्त आहे. सन २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने पीडित आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. हा रक्तक्षय उपवासामुळेच झाला असे मी म्हणत नाही, त्याची कारणे अनेक आहेत. परंतु ज्या अंगात रक्त कमी आहे त्या अंगाला, ज्यात पिठूळ सत्त्वापलीकडे फारसे काही नाही असा साबुदाणा खाऊन आठवड्याचे दोन दिवस राबविणे, हे कोणत्या धर्मात बसते?

येथपर्यंत मी त्यांच्या उपवासाबद्दल बोललो. आता आपल्या उपासमारीबद्दल बोलतो.

येसकराच्या पाळीत आपल्या लोकांनी गावात घरोघर फिरून भाकरी गोळा करावी, अशी जी रूढी होती ती इथल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेली नसली तरी ऐकलेली आहे. सन १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली आणि त्या भाकरीचा कलंक कायद्याने तरी धुतला गेला. माझे आजोबा सांगत की, मोठ्या एकादशीच्या दिवशी आमची टोपली रिकामी परत येई. ज्या घरी चूलच पेटली नाही, त्या घरी भाकरी कोठून मिळणार? गावाला पुण्य लागे आणि महारवाड्यात पोरे रडत झोपत. त्या पोरांचीही एकादशी निर्जळीच घडत होती. पण तिची नोंद कोणत्याही चित्रगुप्ताने केली नाही. मनुष्य आपण होऊन उपाशी राहिला की तो पुण्यवान, आणि अन्न न मिळाल्याने उपाशी राहिला की तो मागल्या जन्मीचा पापी! भूक एकच, पोट एकच, वेळही तीच. जातीवरून भुकेची किंमत ठरविणारा हा धर्म आपण सोडला, ह्याचे मला तरी कधी दुःख झाले नाही.

आता एक घरची गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही ह्याचा मी बराच विचार केला.

माझ्या आईवडिलांनी १९५७ साली गावी दीक्षा घेतली. सन १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. वडील आणि आई दोघे खडी फोडण्याच्या कामावर जात. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे, कामावर सुकडी मिळे. पण आठवड्याचा पगार लांबला की घरात काही उरत नसे. अशा दिवसांत माझ्या लक्षात आले की, आई सोमवारी जेवत नाही. विचारले तर म्हणे, "आज माझा सोमवार हाय." पुढे शनिवारही आला. मला बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ होत्या, आणि त्याचा फार अभिमान होता. मी ही गोष्ट वडिलांना सांगितली. वडिलांचा स्वभाव कडक, धम्मनिष्ठा जाज्वल्य. त्या रात्री ते तिला खूप बोलले. बाबासाहेबांनी काय सांगितले आणि तू काय करतेस, दहा माणसांत मी तोंड कसे दाखवू, असे पुष्कळ. आईने शब्दही उच्चारला नाही. पुढल्या सोमवारी ती आमच्याबरोबर पानावर बसली आणि चतकोर भाकरी खाऊन उठली. आणि त्या रात्री माझी धाकटी बहीण भाकरीसाठी रडली, हे मला आजही आठवते. कारण आणि परिणाम ह्यांची सांगड घालण्याइतकी बुद्धी मात्र तेव्हा नव्हती.

ती सांगड मला पुढे वीस वर्षांनी आईनेच घालून दिली. मी मास्तर झालो होतो, कोठेतरी अंधश्रद्धेवर भाषण करून आलो होतो आणि मोठ्या तोऱ्यात तिच्या जुन्या सोमवाराची चेष्टा केली. तेव्हा ती म्हणाली, "देवाचा कसला सोमवार, बाबा? टोपल्यात चार भाकरी, खाणारी तोंडं सात. न्हाई म्हणायला कायतरी नाव लागतं. भूक न्हाई म्हटलं असतं तर तुझ्या बाला कळलं असतं." एवढे बोलून ती तांदूळ निवडू लागली.

बंधूंनो, म्हणून आपणांस माझे सांगणे आहे की, घरातील बाई उपवास करते म्हणून तिच्यावर आवाज चढविण्यापूर्वी टोपली उघडून पाहा. तिचा उपवास देवासाठी आहे की तुमच्या पोरांसाठी आहे, हे आधी समजून घ्या. आणि भगिनींनो, आपणांसही सांगणे आहे. माझ्या आईने जे केले ते प्रेमाने केले. पण त्या प्रेमाला देवाचे नाव उसने घ्यावे लागले आणि त्या नावाआड आमच्या घरातली उपासमार झाकली गेली. माझ्या वडिलांना ती दिसली नाही. मुकादमाला दिसली नाही. पगार लांबविणाऱ्या साहेबाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. चार भाकरी आणि सात तोंडे, हे तिने मोठ्याने सांगितले असते तर तो हक्काचा प्रश्न झाला असता. 'आज माझा सोमवार' म्हटल्याने तो पुण्याचा झाला.

उपवासाचे आणखी एक सामर्थ्य आहे, त्याचा ओझरता उल्लेख करतो. उपाशी बसलेल्या माणसासमोर जेवणारा अपराधी ठरतो. सन १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध प्राणांतिक उपोषण मांडले. २० तारखेस ते सुरू झाले, २४ तारखेस पुणे करार झाला आणि २६ तारखेस उपोषण सुटले. त्या सहा दिवसांत बाबासाहेबांवर केवढे दडपण आले, हे आपण जाणता. सत्याला धरून हेही सांगितले पाहिजे की, १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले व ते दार उघडले. तो मनुष्य निर्मळ होता. पण ज्या देवळाच्या पायरीपलीकडे चोखोबास जाऊ दिले नाही, त्याचे दार उघडण्यास कोणाला तरी मरणाच्या दाराशी जावे लागते, ह्यावरून त्या दाराची योग्यता कळते. असो. तो निराळा विषय आहे.

आता आजच्या पौर्णिमेकडे येतो. सिद्धार्थ गौतमाने गृहत्याग केल्यावर सहा वर्षे देह झिजविला. उरुवेलेस असताना आहार इतका तोडला की पोटाची कातडी पाठीच्या कण्याला लागली. कौंडिण्यादी पाच सोबती त्या काळात त्यांची सेवा करीत होते. पुढे त्यांना कळून आले की, अशा क्षीण देहाने सत्याचा शोध लागणार नाही. आणि त्यांनी अन्न घेतले. सुजातेची खीर आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण खिरीनंतर काय झाले ह्याकडे आपले लक्ष कमी असते. ते पाच सोबती सोडून गेले. गौतम उपाशी होता तोवर तो त्यांना थोर वाटत होता. तो जेवला, आणि त्यांच्या दृष्टीने तो भ्रष्ट झाला! उपाशी माणसाला नमस्कार करण्याची ह्या देशाची सवय इतकी जुनी आहे. आणि संबोधी लाभल्यावर तथागत गेले कोणाकडे? त्याच पाच जणांकडे, सारनाथला, आषाढी पौर्णिमेस. पहिल्याच प्रवचनात त्यांनी सांगितले की, दोन टोके टाळावीत: एक सुखोपभोगात लोळणे, आणि दुसरे देहाला पिडणे. आज आपण ज्याचा उत्सव करीत आहोत ते धम्मचक्र अशा रीतीने, जेवलेल्या माणसाने उपाशी राहण्याच्या थोरवीविरुद्ध फिरविलेले चक्र आहे. म्हणून मी आरंभी म्हणालो की, विषय बदलला असला तरी दिवस चुकलेला नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीच्या एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. भगवान तेथे आले होते, सारे नगर प्रवचनास जमले होते. ह्या शेतकऱ्याचाही यावयाचा निश्चय होता. पण त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधता शोधता दुपार झाली आणि तो तसाच भुकेला प्रवचनस्थानी धावत आला. भगवान त्याची वाट पाहत थांबले होते. त्यांनी त्याला उपदेश केला नाही. भोजनातून काही उरले आहे काय, असे विचारून आधी त्याला पोटभर जेवू घातले, आणि त्याचे मन शांत झाल्यावर मग धम्म सांगितला. भिक्षूंना त्याचे नवल वाटले, तेव्हा भुकेसारखा दुसरा रोग नाही ह्या अर्थाचे वचन त्यांनी उच्चारले. भुकेला रोग म्हणणारा हा एक धर्मसंस्थापक! ज्यांच्या आजोबांची टोपली एकादशीस रिकामी परत येत होती, त्यांना ह्याहून जवळचा शास्ता कोणता मिळणार होता?

मग बौद्धांत उपोसथ आहे, तो काय? आपणांपैकी काहींच्या मनात हा प्रश्न आलाच असेल. शब्द त्याच धातूपासून झालेला आहे, हे खरे. विनयपिटकात त्याची उत्पत्ती दिलेली आहे. मगधराज बिंबिसाराने पाहिले की, अन्य पंथांचे परिव्राजक पंधरवड्याच्या अष्टमीस, चतुर्दशीस व पंचदशीस एकत्र जमून धर्म सांगतात आणि लोक ऐकावयास जातात. आपल्या भिक्षूंनीही तसे करावे अशी विनंती त्याने केली व ती मान्य झाली. भिक्षू जमले, पण मुकाट्याने बसून राहिले. लोक ऐकण्यासाठी आले होते, ते नाराज झाले. तेव्हा भगवंतांनी आज्ञा केली की, जमल्यावर धम्म सांगावा. उपोसथाचा जन्म असा झाला: लोक काही ऐकावयास आले होते म्हणून. त्यात भुकेचा प्रश्नच नव्हता.

पुढे उपासक त्या दिवशी अष्टशील घेऊ लागले. त्यातील सहावे शील दुपारनंतर भोजन न करण्याचे. येथे फार सावध राहिले पाहिजे. मी अनेक बौद्ध घरांत पाहतो की, पांढरी साडी नेसून 'पौर्णिमेचा उपवास' चाललेला आहे आणि ताटात तीच साबुदाण्याची खिचडी आहे! देव बदलला, खिचडी तीच राहिली. अष्टशीलात दुपारपूर्वी नेहमीचे अन्न, भाकरी, वरण, भाजी, सारे चालते. त्यात 'उपवासाचे पदार्थ' नावाची वस्तूच नाही. आणि ज्यांना संध्याकाळपर्यंत कष्ट उपसावयाचे आहेत, जी गर्भार अथवा अंगावर पाजणारी आहे, जो आजारी आहे, त्याने अष्टशीलाचा हट्ट धरू नये; पंचशील पुरे आहे. भिक्षूंच्या कडक नियमांतही आजाऱ्यासाठी दुपारनंतर तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ औषध म्हणून घेण्याची मुभा भगवंतांनी दिलेली आहे.

अंगुत्तर निकायात विशाखेला सांगितलेले एक सुत्त आहे. ती उपोसथाच्या दिवशी भर दुपारी पूर्वारामात आली होती. भगवंतांनी तिला उपोसथाचे तीन प्रकार सांगितले. त्यांतला पहिला गुराख्याचा. गुराखी संध्याकाळी गाई धन्याच्या हवाली करतो आणि मनात हिशेब करतो की, आज गाई अमुक रानात चरल्या, उद्या तमुक रानात चरतील. त्याप्रमाणे उपोसथ करणारा मनुष्य दिवसभर हाच विचार करतो की, आज मी हे खाल्ले, उद्या ते खाईन. अडीच हजार वर्षांपूर्वी हे सांगणाऱ्याने आपल्या गल्लीतील एकादशीच जणू पाहिली होती. सकाळपासून शेंगदाणे भाजण्याचा वास, दुपारी वरई, संध्याकाळी बारशीला काय करावयाचे ह्याची चर्चा. गाई चरतच आहेत! त्यापुढे भगवंत ज्या आर्य उपोसथाची थोरवी सांगतात, त्यात मन स्वच्छ करावयाचे असते; हिंसा, चोरी, असत्य, व्यसन ह्यांपासून एक दिवस तरी अरहंताप्रमाणे दूर राहून पाहावयाचे असते. मद्य पिऊन आलेल्या नवऱ्याने पौर्णिमेस दुपारनंतर जेवण सोडले तर काय होणार? त्याने मद्य सोडावे आणि रात्री सुखाने जेवावे.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे. त्या ह्या सभेत आल्या असतील तर त्यांनी संकोच मानू नये. त्यांचे नाव मी घेणार नाही. मी त्यांना विचारले, "मुलगा ट्रकवर किती तास असतो?" त्या म्हणाल्या, "कधी कधी दोन-दोन दिस झोप न्हाई." मी म्हणालो, मग भीती बाळगावयाची ती त्या न मिळालेल्या झोपेची बाळगा. मालकाला जाऊन विचारा, दुसरा चालक का देत नाही? चाके, ब्रेक कोण तपासतो? अपघात झाला तर विमा आहे काय? तुमच्या उपाशी पोटाचे पुण्य त्याच्या खात्यावर जमा होत नसते. प्रत्येकाचे कर्म त्याचे स्वतःचे, असे तथागतांनी सांगितलेले आहे. एवढी वर्षे सोमवार धरला, त्या वर्षांत तो सुखरूप राहिला तो त्याच्या सावधपणामुळे. आणि देव जर इतका सूडबुद्धीचा असेल की आईने एक घास खाल्ला म्हणून लेकराला चाकाखाली घालील, तर असा देव घरातून काढलात ते फार बरे केलेत.

हे सारे त्यांनी ऐकून घेतले. मग मी म्हणालो, जबरदस्तीने काही करू नका. मुलगा ज्या सोमवारी घरी असेल त्या दिवशी त्याच्या शेजारी पान मांडा, त्याच्याच ताटातला पहिला घास घ्या. हात थरथरला तर थरथरू द्या. भीती एका दिवसात बसलेली नाही, एका दिवसात जाणार नाही. त्यांनी 'बरं' असे म्हटले नाही, 'नाही' असेही म्हटले नाही. पदर सावरून त्या गेल्या. मीही त्यांना पुन्हा विचारलेले नाही.

माझी आई शेवटची काही वर्षे माझ्याकडे होती. पौर्णिमेस विहारात येई, मागच्या रांगेत बसे, ऐकताना बहुधा पेंगत असे. घरी आल्यावर सर्वांना वाढून झाले की शेवटी स्वतःच्या ताटात वाढून घेण्यापूर्वी भांड्यात किती उरले आहे ते वाकून पाही. घरात धान्याची पोती होती, तरी ती सवय तिची गेली नाही. तिला आम्ही आमच्याबरोबर बसवू लागलो, तेव्हा पहिले काही दिवस तिला घास गिळणे जड गेले.

भोजनाची तयारी झाली आहे असे मला मागून खुणेने सांगण्यात येत आहे. आज स्वयंपाक पुरुषमंडळींनी केला आहे आणि वाढणारही तेच आहेत. भगिनींनी कृपा करून पहिल्या पंक्तीस बसावे. येत्या अष्टमीपासून विहारात सायंकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या ग्रंथाचे वाचन सुरू होईल. सर्वांनी जेवून यावे.

जय भीम. नमो बुद्धाय.